ताटावरचे भांडण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लहान मुलांच्या जेवणाविषयी आहेत. त्यांतील चार येथे घेतली आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे आणि नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घरात आम्ही दोघे, सासूसासरे आणि तीन वर्षे पूर्ण झालेला मुलगा. मी पणजीला नोकरी करते आणि संध्याकाळी साडेसहाला घरी पोहोचते. मुलगा जेवतच नाही. सकाळी उठल्यावर तो बाटलीभर दूध पितो, मग पोदेराकडचा पाव चहात बुडवून खातो. बालवाडीतून आल्यावर सासूबाई बिस्किटे देतात आणि दुपारी मोबाइलवर कार्टून लावून तासभर भरवतात, तेव्हा कुठे चार घास पोटात जातात. संध्याकाळी पुन्हा दूध, रात्री ताटावर रडारड आणि उपाशी झोपू नये म्हणून झोपताना पुन्हा दूध. दुसऱ्या वाढदिवसाला त्याचे वजन ११ किलो होते, आता १२.८ किलो आहे. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, शेजारीण म्हणते जंत झाले असतील, ऑफिसात कोणी भुकेचे टॉनिक सुचवते. काय करावे?

उत्तर : आधी वजनाचे पाहू, कारण बाकी सगळी काळजी त्याच्यावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलग्याचे मधले वजन १४.३ किलो असते आणि सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या पट्ट्याची खालची कड ११.३ किलोवर येते. आपला मुलगा मधल्या रेषेच्या खाली आहे हे खरे. पण दोन वर्षांचा असताना तो त्या पट्ट्यात जिथे होता, जवळपास तिथेच आजही आहे. या वयात वर्षाला साधारण दोन किलो वजन वाढते, त्याचे १.८ किलो वाढले आहे. अंगणवाडीत मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेल, तर त्यातील आलेखावर हे दोन ठिपके मांडून सासूबाईंना दाखवावेत. शब्दांनी जे पटत नाही ते पुष्कळदा आलेखाने पटते.

मूल पहिल्या वर्षी जन्माच्या वजनाच्या तिप्पट होते, म्हणजे तीन किलोचे बाळ वर्षभरात सहा किलो कमावते. त्यानंतर वाढीचा वेग निसर्गतःच मंदावतो आणि त्याबरोबर भूकही उतरते. ‘वर्षाचा होता तेव्हा वाटीभर खायचा, आता तोंड फिरवतो’ ही तक्रार म्हणूनच जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते.

आता तो ‘जेवतच नाही’ या विधानाकडे वळू. आपण दिलेला दिनक्रम नीट वाचला, तर मुलगा दिवसभर काही ना काही घेतच असतो. तीन बाटल्या म्हणजे सुमारे सातशे मिलिलिटर दूध धरले आणि प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर धरली, तर पाचशेच्या आसपास उष्मांक दुधातूनच जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली एक ते तीन वर्षांच्या मुलांची दिवसाची गरज सुमारे १०१० उष्मांक अशी धरली आहे. म्हणजे निम्मा दिवस दुधावर भागला, आणि पाव व बिस्किटे त्यावर वेगळी. भात पुढे येतो तेव्हा त्या पोटाला भूकच नसते आणि तो तसे प्रामाणिकपणे सांगतो. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतेच आणि चहा अन्नातले लोह शोषू देत नाही, त्यामुळे असे मूल अंगाने बरे दिसूनही रक्ताने फिके असू शकते. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात, तो तोटा आणखी वेगळा.

तेव्हा पहिला बदल ताटात करू नका, दुधात करा. दिवसाचे दूध चारशे ते पाचशे मिलिलिटरवर आणा, ते पेल्यातून द्या आणि जेवणाआधी देऊ नका. झोपतानाची बाटली सर्वांत कठीण जाईल. ती आधी निम्मी करावी आणि आठवडाभरात बंद करावी. चहा मात्र आजच बंद करावा. पाव नुसता खाऊ द्या, किंवा आदल्या दिवशीच्या तोणाकाबरोबर, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाच्या रस्स्याबरोबर, द्या. अळसांद्याच्या (चवळीच्या जातीच्या कडधान्याच्या) तोणाकाचा रस आणि पाव ही तीन वर्षांच्या मुलासाठी उत्तम न्याहारी आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरात आयतीच असते.

दुसरा बदल वेळेचा. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तासांचे अंतर असावे आणि मध्ये फक्त पाणी द्यावे. बालवाडीतून आल्यावरच्या बिस्किटांची जागा थेट दुपारच्या जेवणाने घ्यावी, कारण भूक त्याच वेळी खरी असते. रात्रीचे जेवण हा आपल्या घरातील मोठा पेच दिसतो. गोव्यातील पुष्कळ घरांत रात्रीची पाने नऊच्या पुढे मांडली जातात आणि तोवर मूल पेंगुळलेले असते. आपण साडेसहाला येता, म्हणजे सव्वासातला त्याच्यापुढे उकड्या तांदळाची मऊ पेज, थोडे मूग किंवा दुपारचे उरलेले हुमण (माशाची आमटी) ठेवता येईल. पेज सकाळी दहाचीच, असा दंडक लहान मुलाला लावण्याचे कारण नाही. घरातील एकाने तरी त्याच वेळी त्याच्याबरोबर बसून काही खावे. नुसते समोर बसून तोंडाकडे पाहत राहू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत अवघड आहे. काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे; त्यातले काय आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. ताटलीत सुरुवातीला अगदी थोडे वाढा: वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, या हिशेबाने तीन चमचे भात, दोन-तीन चमचे आमटी आणि भाजीच्या दोन फोडी. ताटात एक तरी पदार्थ त्याच्या ओळखीचा असावा. वीस ते तीस मिनिटांनी ताटली उचलावी. ‘बघ, आज पण टाकलेस’, ‘हा शेवटचा घास आईचा’, ‘जेवलास तर चॉकलेट’ यांपैकी काहीही बोलू नये. चॉकलेटचे आमिष दाखवले की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस असा हिशेब मुलाच्या मनात पक्का होतो. नवी भाजी तोंडात घालायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती नुसती ताटात दिसावी लागते. दोन वेळा नाकारली म्हणून ‘त्याला दुधी आवडत नाही’ असा निकाल देऊ नका.

मोबाइलविषयी मी थोडी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात तासापेक्षा जास्त पडदा नको असे म्हटले आहे. आपल्या मुलाचा तो तास दुपारच्या जेवणातच संपतो. त्याहून वाईट म्हणजे पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला तोंडात काय आहे आणि पोट केव्हा भरले हे कळत नाही. मोबाइल एका जेवणाला बंद आणि दुसऱ्याला चालू असे करू नका, सर्व जेवणांना एकदम बंद करा आणि हा नियम मोठ्यांनाही लावा. पहिले तीन-चार दिवस आकांत होईल आणि खाणे आणखी घटेल. एवढ्याने निरोगी मुलाचे काही बिघडत नाही. मात्र त्या दिवसांत आजोबांनी मागच्या दाराने बिस्किटाचा पुडा पोहोचवला, तर सारे मुसळ केरात. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातील चारही मोठ्यांनी मूल झोपल्यावर एकदा बसून बोलावे, आणि शक्यतो ते बोलणे आपल्या पतीने काढावे. सासूबाईंना सुनेकडून आलेला नियम आणि मुलाकडून आलेला नियम वेगवेगळे ऐकू येतात, हे न्याय्य नसले तरी खरे आहे.

राहिल्या तीन सूचना. दृष्ट काढायची असेल तर सासूबाईंना खुशाल काढू द्या, मिरच्या-मोहरी मुलापासून लांब जाळा म्हणजे झाले. जंतांचे औषध एक वर्षावरील मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते. ते चुकले असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. भुकेचे टॉनिक मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणू नये. त्यांतील काही औषधांनी मुलाला गुंगी येते, आणि औषध थांबवले की भूक होती तिथेच परत जाते. वजनाचा ठिपका आलेखावर खाली सरकू लागला, मूल माती किंवा भिंतीचा चुना खाऊ लागले, गिळताना वारंवार ठसका किंवा उलटी होऊ लागली, पूर्वी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत चालले किंवा चेहरा पांढुरका दिसू लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांची आजी आहे, डिचोलीला राहते. चार मुले मी मऊ भात, तूप आणि वरण भरवून वाढवली. आता नात चौदा महिन्यांची आहे. सून म्हणते, बाळाला भरवायचे नाही, त्याने स्वतःच्या हाताने खायचे. त्याला ती ‘बेबी लेड वीनिंग’ म्हणते. बाळ भात जमिनीवर फेकते, केसांना लावते, पोटात किती जाते देव जाणे. भाजीचा तुकडा घशात अडकेल या भीतीने माझा जीव खालीवर होतो. मीठ नको, साखर नको, गूळसुद्धा नको असे सुनेचे म्हणणे आहे. माझे यजमान मला गप्प बसायला सांगतात. हाताने भरवणे एवढे वाईट आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आपण ज्या हाताने चार मुले वाढवली तो हात नातीलाही हवा आहे. भरवताना फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे. तोंड उघडून पुढे आली तर घास द्यावा, मान फिरवली, ओठ मिटले किंवा हात ढकलला तर थांबावे आणि वाटीत उरलेले तसेच राहू द्यावे. चौदा महिन्यांच्या बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीस मिलिलिटर मावते. नऊ किलोच्या नातीचे पोट म्हणजे एक मोठी वाटी, त्याहून जास्त नाही. दोन बोटांनी गाल दाबून घास आत सारण्याची जी जुनी रीत आहे, ती तेवढी सोडावी.

आपल्या सूनबाईंचेही बरोबर आहे. चिमटीत धरून तोंडापर्यंत नेणे, चावणे, नको ते बाहेर काढणे हे सगळे याच वयात शिकायचे असते, आणि भात केसांना लावल्याशिवाय ते कोणालाच येत नाही. मग दोघींनी वाटून का घेऊ नये? सकाळचे आणि संध्याकाळचे खाणे तिने स्वतःच्या हाताने खावे, खाली जुनी चादर अंथरावी. दुपारचा मऊ भात आजीने भरवावा आणि त्या वेळीही तिच्या हातात उकडलेल्या गाजराची एक काडी असू द्यावी. आजीच्या वेळेत सुनेने लक्ष घालू नये आणि सुनेच्या वेळेत आजीने शक्यतो फुले काढायला बागेत जावे.

घशात अडकण्याची भीती रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. बाळ लाल होते, ओकारी काढते, खोकते आणि तुकडा बाहेर येतो, तेव्हा त्याचे शरीर स्वतःचे रक्षण करत असते. अशा वेळी तोंडात बोट घालू नये, तुकडा उलट आत जाऊ शकतो. आवाजच निघत नाही, खोकताही येत नाही, ओठ निळसर होतात, तेव्हा खरा धोका असतो. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात; त्याने भागले नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके द्यावेत, आणि हे आलटून पालटून करत असतानाच दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. ही क्रिया घरातील प्रत्येकाने आरोग्य केंद्रात एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावी. आणि आपल्या गोव्यात विशेष सांगायला हवे ते असे, की अख्खा काजू, शेंगदाणा, फुटाणा, अख्खे द्राक्ष आणि कच्च्या गाजराचा तुकडा चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती पडता कामा नये. काजू द्यायचा असेल तर पूड करून तिजानात, म्हणजे नाचणीच्या पेजेत, घालावा.

मिठाचे आणि साखरेचे म्हणाल तर पहिल्या वर्षात दोन्ही वरून घालायचे नसतात. वर्षानंतर घरच्या वरणातले बेताचे मीठ चालते, साखर दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी. माडाचा गूळ साखरेपेक्षा चवीला कितीही सरस असला, तरी दातांच्या दृष्टीने तोही साखरच. तिजान गोड हवे असेल तर त्यात पिकलेले केळे कुस्करून घालावे. तूप घालावे. मध वर्षाच्या आत कधीच चाटवायचा नसतो. आता नात त्या वयाच्या पुढे गेली आहे, पण धाकटे भावंड आले तर लक्षात असू द्या.

यजमानांनी गप्प राहायला सांगितले ते ताटापुरते ठीक आहे. बाळाच्या समोर, बाळालाच उद्देशून ‘तुझी आई तुला जेवायला देत नाही’ असे बोलणे टाळावे. नंतर दोघी चहाला बसाल, तेव्हा मनातले मोकळेपणाने बोलावे.

प्रश्न : आम्ही वास्कोला राहतो. घरात नुस्त्याशिवाय जेवण होत नाही, पण अडीच वर्षांच्या मुलीला काटा लागेल म्हणून पत्नी मासे देतच नाही. कोणते मासे केव्हा द्यावेत?

उत्तर : सहा महिन्यांनंतर, वरचे अन्न सुरू झाल्यावर मासे देता येतात, तेव्हा आपल्याकडे उशीरच झाला आहे. सुरुवात मुडदुशीने किंवा लेपोने करावी. त्यांचे मांस मऊ असते आणि काटा सरळ निघून येतो. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मुडदुशी देण्याची आपली पद्धत विचारपूर्वकच पडलेली आहे. बांगडा पुढच्या टप्प्यावर, पाठीकडचा भाग घेऊन द्यावा. तारले गुणांनी उत्तम, पण बारीक काट्यांमुळे कष्टाचे. मोरीसारखे (शार्कसारखे) मोठे शिकारी मासे मात्र लहान मुलांना देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगात पारा साठतो. इसवणही अधूनमधूनच द्यावी.

काटा डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडतो. माशाचा तुकडा उजेडात घेऊन अंगठा आणि पहिल्या दोन बोटांमध्ये हळूहळू चुरडत जावा, टोचले की काढावे, आणि चुरा भातात कालवण्याआधी बशीत पसरून पुन्हा एकदा बोट फिरवावे. तिखट मसाला पडण्यापूर्वी तिच्यापुरता तुकडा हळद, मीठ आणि नारळाच्या रसात वेगळा शिजवून घेता येतो. पहिल्यांदा देताना दिवसा आणि थोडाच द्यावा. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर डॉक्टरांना दाखवावे, आणि श्वासाला त्रास होऊ लागला तर क्षणभरही थांबू नये. कोळंबीच्या बाबतीत ही सावधगिरी अधिक हवी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुढे श्रावणात पुष्कळ घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. त्या काळात सुक्या खाऱ्या माशांवर भर देऊ नये, त्यांत मीठ फार असते. अंडे, मूग, अळसांदे आणि दही यांवर छान भागते. काटा अडकलाच तर कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावू नयेत, काटा आणखी खोल रुततो. लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठावे. एरवीही त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

प्रश्न : साडेचार वर्षांच्या मुलीचा शाळेचा डबा रोज निम्मा परत येतो. मडगावच्या एका शाळेत ती जाते. घरी मात्र ती बरी जेवते. शिक्षिकांशी बोलावे का?

उत्तर : बोलावे, पण आधी दोन गोष्टी घरीच तपासाव्यात. मधली सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची असते आणि त्यात हात धुणे, रांग आणि मैत्रिणीशी गप्पा येतात. त्या वेळात मावेल एवढेच द्या: अर्धी चपाती गुंडाळून, इडलीचे चार तुकडे, किंवा केळ्याच्या फोडी आणि एक उकडलेले अंडे. ओला पदार्थ दहा वाजेपर्यंत लिबलिबीत होतो, तो नको. घरी आल्याबरोबर दारातच डब्याची चौकशी करू नका. आणि एका रविवारी तो डबा नेहमीसारखा भरून, झाकण नेहमीसारखे दाबून तिच्या हाती द्या आणि मदत न करता उघडायला सांगा. तिला ते झाकण उघडता येत नसेल, तर शिक्षिकांशी बोलण्याआधी बाजारात जाऊन दुसरा डबा आणा.